एकच आई, आधी रंगमंचावर अन् मग कॅमेऱ्यासमोर

मी यावल तालुक्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे आणि जळगावच्या एका हौशी ग्रुपमधे नाटकं करते. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर आम्ही एक नाटक केलं, त्यात आईची भूमिका माझ्याकडे होती. नंतर आमच्या दिग्दर्शकाने त्याच नाटकाच्या शेवटच्या प्रवेशावर शॉर्टफिल्म करायची ठरवली अन् तीच आई मला परत करायला मिळाली, या वेळी कॅमेऱ्यासमोर. हौशी नटाला असा योग फार कमी येतो. बाई तीच, वाक्यं जवळपास तीच, समोरचा पोरगाही तोच, फक्त माध्यम वेगळं. त्यामुळे अभिनय म्हणजे नेमकं काय काम असतं, त्यातलं किती नटाच्या हातात असतं आणि किती दुसऱ्यांच्या, हे इतकं स्वच्छ दिसलं की लिहून काढावंसं वाटलं. आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारला किती पोरं-पोरी एकांकिका करतात, अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करतात, रील्स करतात, अंगात भरपूर असतं त्यांच्या पण हे सगळं सावकाश बसून कोणी सांगत नाही, म्हणून जरा लांबण लावते.

प्रवेश असा आहे. रावेरकडचं गाव. मे संपता संपता वादळ आलंय अन् कटाईला आलेली केळीची बाग एका रात्रीत आडवी झालीय. आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगायला नको, दर एक-दोन वर्षाआड कुठल्या ना कुठल्या गावात होतंच. पोरगा सुरतला कामाला चाललाय, रात्री भुसावळहून गाडी आहे. आई त्याला दशम्या बांधून देतेय. संपूर्ण प्रवेशात ती एकदाही "जाऊ नको" म्हणत नाही. बोलते ती दशम्यांबद्दल, लोणच्याच्या बरणीबद्दल, त्याच्या फाटलेल्या बुटाबद्दल, मामाला फोन केला का याबद्दल. अन् शेवटी म्हणते, "जाय आता, उशीर होतो." बस, एवढंच.

पहिल्या वाचनाला आम्ही सगळ्यांनी ते जाम भावनेने वाचलं. आवाज ओला, पोराचाही ओला, ग्रुपमधल्या एक-दोघींच्या डोळ्यात पाणी. दिग्दर्शक भाऊ (वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, पण आमच्याकडे सगळे त्याला भाऊच म्हणतात) शांतपणे ऐकत होता. झाल्यावर त्याने एकच विचारलं, "ताई, तुम्हाला त्याच्याकडून काय पाहिजे?" मी म्हटलं, तो जाऊ नये. "मग त्यासाठी तुम्ही काय करताय?" मी म्हटलं, मला वाईट वाटतंय. तो म्हणाला, "वाटतंय ते ठीक आहे, पण करताय काय?"

या एका प्रश्नावर आमच्या कितीतरी तालमी गेल्या, आणि माझ्या मते सगळं अभिनयाचं काम या प्रश्नातच आहे. वाईट वाटणं करता येत नाही. तुम्ही कोणाला म्हणून बघा, "आता दु:खी हो," तो लगेच भुवया वर करील, खांदे पाडील, आवाज बारीक करील. म्हणजे दु:खाची ओळखीची खूण दाखवील. पण "याला असं काहीतरी बोल की त्याला उंबरठा ओलांडताना लाज वाटली पाहिजे" असं सांगा, मग बघा त्याच माणसाचे डोळे कसे जिवंत होतात, कारण आता त्याला काम आहे अन् ते झालं की नाही हे समोरच्याच्या चेहऱ्यावरच कळणार आहे, म्हणून तो समोर बघायला लागतो. भावना मग मागून आपोआप येते, कधी येते कधी नाही, पण प्रवेश तिच्यावाचून अडत नाही.

भाऊने आम्हाला पेन्सिल घेऊन बसवलं. प्रत्येक वाक्याच्या बाजूला एक क्रियापद लिहायचं, विशेषण चालणार नाही. "रागाने" नाही, "दु:खाने" नाही. माझ्या संहितेचं ते पान अजून आहे माझ्याकडे. "दशम्या चार दिवस टिकतील" च्या बाजूला लिहिलंय: त्याला परतीचा दिवस विचारते. "बूट तेच घालून जाशील का?" च्या बाजूला: अडवते. "मामाले फोन केला का?" च्या बाजूला: चाचपते, ठरलंय का अजून डळमळतोय. आणि शेवटच्या "जाय आता" च्या बाजूला खूप खोडाखोड आहे. आधी लिहिलं होतं सोडते, मग ढकलते, मग मोकळं करते, मग परत ढकलते. यातलं कुठलं धरलं यावर सगळा प्रवेश फिरतो. मोकळं करणारी आई समजूतदार वाटते, प्रेक्षकाला ती आवडते. ढकलणारी आई वेगळी, तिला माहिती आहे की अजून एक मिनिट तो थांबला तर आपण तोंडाने बोलून टाकू, म्हणून ती त्याला घालवते. आम्ही ढकलणारी धरली.

हे काही भाऊने शोधून काढलेलं नाही, तो स्वतःच सांगायचा. रशियात स्तानिस्लाव्स्की (1863 ते 1938) नावाचा नट-दिग्दर्शक होऊन गेला, 1898 साली त्याने एका साथीदाराबरोबर मॉस्को आर्ट थिएटर काढलं, आणि नटाने रोज रोज तेच नाटक करताना ते जिवंत कसं ठेवायचं या एका प्रश्नावर आयुष्य घातलं. पात्राला काय हवंय, ते मिळवायला ते काय करतं, त्याची परिस्थिती काय, आणि "मी या परिस्थितीत असतो तर" हा प्रश्न, ही त्याची हत्यारं. आज जगभर अभिनय शिकवतात तिथे कुठल्या ना कुठल्या रूपात हेच शिकवतात, कोणी त्याच्याशी भांडून शिकवतो एवढंच.

परिस्थितीचं काम मला सगळ्यात आवडलं. भाऊ प्रश्न विचारत सुटायचा. बाग किती खोडांची होती? कर्ज कोणाचं, सोसायटीचं का सावकाराचं? विमा उतरवला होता का? पोरगा शेवटचं कधी जेवला? घरात लाईट आहे का गेलीय? नवरा कुठे आहे या वेळी, ओट्यावर का आत? संहितेत यातलं निम्मंच होतं, बाकीचं आम्ही ठरवलं. अन् ठरवताना नुसतं कल्पनेने नाही, माझ्या शाळेतल्या पोरांच्या घरी केळीच आहे, मी त्यांच्या आयांना विचारलं. एकीने सांगितलं की बाग पडली त्या दिवशी तिने पहिलं काम काय केलं तर घरातली सगळी भांडी घासायला काढली, स्वच्छ होती तरी. रडली नाही. नातेवाईक भेटायला आले तर त्यांना चहा केला. हे ऐकलं अन् माझी आई मला हातात सापडली. माझे हात पूर्ण प्रवेशभर चालू राहिले ते त्या बाईमुळे. पीठ मळणं, दशमी थापणं, फडकं झटकणं, डबा पुसणं. हात कामात असले की नटाचा चेहरा आपोआप मोकळा राहतो, तो काही "करत" बसत नाही, हे ज्याला हात कुठे ठेवायचे कळत नाही त्या प्रत्येकाने करून बघावं.

मग ऐकण्याचा भाग. भाऊने एक व्यायाम दिला, अमेरिकेतला मायस्नर नावाचा शिक्षक तो घ्यायचा. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने दुसऱ्याबद्दल जे दिसतंय ते म्हणायचं, "तुझ्या शर्टाला बटण नाही," दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, "माझ्या शर्टाला बटण नाही," परत पहिल्याने तेच, असं चालूच ठेवायचं. पहिल्यांदा फार कंटाळवाणं वाटतं. नंतर काहीतरी होतं, शब्द तेच राहतात पण तो जरा हसतो म्हणून तुमचा सूर बदलतो, तुम्ही चिडता म्हणून त्याचा बदलतो, आणि दोघांनाही कळतं की आपण काही ठरवून करत नाहीये, समोरच्याकडून येतंय ते परत देतोय. पोराचं काम करणारा मुलगा इंजिनीअरिंग कॉलेजचा, पाठांतर एकदम पक्कं, माझं वाक्य संपायच्या आत त्याचं तयार असायचं. या व्यायामाने तो थांबायला लागला. माझं वाक्य त्याच्यापर्यंत पोचायला लागलं, मग त्याचं निघायला लागलं. प्रवेश तेवढाच, पण आधी दोन माणसं पाळीपाळीने बोलत होती, आता एकमेकांशी बोलायला लागली.

बोलीचंही सांगते. संहिता लेवा बोलीत होती, रावेर-यावलकडची. ग्रुपमधे काही धुळ्याकडचे, त्यांची अहिराणी, त्यांना हे "मले-तुले" जमायला वेळ लागला. नाटक-सिनेमात खान्देशी माणूस आला की तो विनोदीच असतो, हेल काढून बोलतो अन् लोक हसतात, याचा मला मनापासून राग आहे. बहिणाबाईंनी (1880 ते 1951) याच बोलीत काय काय सांगून ठेवलंय, ते जगणं-मरणं सगळं या बोलीत मावलं मग एका आईचं दु:ख का नाही मावणार. भाऊचा नियम होता की हेल दाखवायचा नाही. बोली ही त्या माणसाला कळतच नसते, तो नुसता बोलत असतो. म्हणून तालमीच्या दिवसात आम्ही चहाच्या सुट्टीतही तिच्यातच बोलायचो, भांडणंही तिच्यातच, म्हणजे जिभेवरून ती उतरून अंगात जाईल.

इथपर्यंतचं काम दोन्ही माध्यमांना सारखंच. पुढे रस्ता वेगळा होतो.

नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या माणसाने तिकीट काढलंय, किंवा स्पर्धेत तो फुकट आलाय, पण आलाय ना, त्याला ऐकू गेलं पाहिजे. आता मराठीची एक गोष्ट अशी आहे की क्रियापद शेवटी येतं, अन् आपला श्वास संपतो तोही शेवटीच. म्हणजे वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आपण सगळ्यात कमी हवेवर बोलतो. "मी तुले अडवणार नाही" यातलं "नाही" गिळलं की मागच्या रांगेला उलटंच ऐकू जातं. आमचं अर्धं वाचिकाचं, म्हणजे बोलण्याचं, काम हेच होतं, शेवटच्या शब्दापर्यंत श्वास पुरवायचा, ओरडायचं नाही. भाऊ मागच्या रांगेत जाऊन बसायचा अन् मी दशमी थापत खाली बघून बोलायचे, त्याला कळलं नाही की नुसता हात वर करायचा. खाली बघून बोलताना आवाज जमिनीत जातो म्हणून पोळपाट थोडा पुढे, थोडा तिरका मांडला, म्हणजे मान वर राहील. प्रेक्षकाला हे कळतही नाही. ब्लॉकिंग म्हणजे निम्मं असंच असतं, नटाचा चेहरा अन् आवाज लोकांपर्यंत जाईल अशी जागा, पण कारण मात्र पात्राचं वाटलं पाहिजे.

दुसरं म्हणजे वेळ. रंगमंचावर वेळ नटाच्या हातात असतो, तिसरी घंटा झाली की दिग्दर्शक बाहेर. प्रयोगाला बुटाच्या वाक्यावर हशा आला. तालमीत कधीच नव्हता आला. तो हशा चढतो, टेकतो, अन् उतरायला लागतो, तो पूर्ण संपायच्या जरासं आधी पुढचं वाक्य घ्यायचं असतं, लवकर घेतलं तर ऐकू जात नाही अन् उशीर झाला तर प्रवेश बसतो. हे शिकवून येत नाही, समोर माणसं बसलेली असली की अंगाला कळतं. अन् शेवटी "जाय आता" च्या आधी मी थांबले. तालमीत थांबायचे त्यापेक्षा कितीतरी जास्त. हातात फडक्याची गाठ होती, ती मारायची राहिली होती, मी ती मारली, परत सोडली, परत मारली. सगळं नाट्यगृह गप्प, कोणी खोकत पण नव्हतं. ती शांतता मी एकटीने केलेली नव्हती, ती आम्ही अन् त्या लोकांनी मिळून धरून ठेवली होती, मला ती तळपायापर्यंत जाणवत होती. यासाठीच माणूस नाटक करतो असं मला वाटतं.

आमच्या ग्रुपमधे एक आप्पा आहेत, सत्तरी ओलांडलेले, तरुणपणी वहीगायनात, म्हणजे आपल्या खान्देशातल्या लोककलेत असायचे, गावोगाव जत्रेत. त्यांना भाऊचं क्रियापदाचं प्रकरण अजिबात पटायचं नाही. ते म्हणायचे, आसू खरा पाहिजे, नाहीतर ते नुसतं गणित. भरतमुनीच्या नाट्यशास्त्र या जुन्या संस्कृत ग्रंथात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत, आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (आतून येणारा), आणि सात्त्विक भाव आठ, त्यात अश्रू आहेत, स्वेद म्हणजे घाम आहे, आवाज फुटणं आहे, चेहऱ्याचा रंग उडणं आहे. आता हे काही हाताने करून दाखवता येत नाही, मग ते आतूनच यायला हवं ना, असा आप्पांचा मुद्दा. तालमीनंतर चहाच्या टपरीवर या दोघांचा वाद तासन्‌तास चालायचा. मी नंतर घरी तो भाग वाचून बघितला. भरताने सत्त्व मनातून येतं असं म्हटलंय आणि ते मन समाहित झालं की येतं, म्हणजे एकाग्र झालं की. तिथे मला दोघंही बरोबर वाटले. आसू बोलावून येत नाही, पण मन एका ठिकाणी पूर्ण लागलेलं असलं की तो येतो, अन् मन लागायला त्याला काहीतरी काम द्यावं लागतं, ते काम म्हणजे भाऊचं क्रियापद. आप्पांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "मंग मी काय वेगळं सांगू राहिलो?"

स्पर्धेनंतर गावांमधे थोडे प्रयोग झाले, गणपतीत, उघड्यावर, लटकत्या माइकखाली. तिथे माइकच्या खाली उभं राहावं लागतं म्हणून सगळं ब्लॉकिंग मोडतं. त्याबद्दल परत कधीतरी.

शूटिंगला आम्ही जूनच्या तोंडाशी उभे राहिलो. गावातलंच एक पत्र्याचं घर. प्रवेश रात्रीचा पण शूट दिवसा, म्हणून खिडक्या-दारं काळ्या कापडाने बंद, बाहेर 44-45 च्या घरात ऊन, आत लाईट, आणि आवाजासाठी पंखा बंद. प्रत्येक टेकच्या आधी एक मुलगी येऊन माझा घाम टिपायची, कारण एका शॉटमधे कपाळावर घाम अन् पुढच्यात कोरडं असं चालत नाही. चूल पेटवली की अजूनच. पण सांगायचं ते हे नाही.

पहिला धक्का बसतो तो क्रमाचा. आम्ही सुरुवात केली ती "जाय आता" पासून, कारण दारातलं लाइटिंग आधी लावून तयार होतं. नाटकात त्या वाक्यापर्यंत पोचायला मागे पूर्ण दोन अंक असतात, ते तुम्हाला ढकलत आणतात. इथे सकाळी उठलो, पोहे खाल्ले, अन् सरळ शेवट. तेव्हा ती पेन्सिलची क्रियापदं अन् ती परिस्थिती, लाईट आहे का, तो शेवटचं कधी जेवला, हे सगळं कामाला आलं. पाच मिनिटं कोपऱ्यात बसून मी ते सगळं मनात चालवलं, नुसतं आठवलं, अन् उठले. भावना साठवून ठेवता येत नाही पण परिस्थिती येते साठवता.

दुसरं, तेच तेच कितीदा तरी. आधी मास्टर, म्हणजे दोघं पूर्ण दिसतात असा रुंद शॉट, सगळा प्रवेश सलग. मग मिड, म्हणजे कमरेपासून वरचा, मग माझा क्लोजअप, मग त्याचा. अन् प्रत्येक वेळी दशमी त्याच शब्दावर उलटायची, फडकं त्याच हाताने घ्यायचं, नाहीतर एडिटिंगमधे जोडता येत नाही. माझ्या हातांना कामाची सवय लागलेली असल्याने हे मला जड गेलं नाही, शब्द अन् हात आधीच एकमेकांना बांधलेले होते. जमिनीवर टेप लावलेली असते, तिथेच येऊन थांबायचं, खाली न बघता, एक बोट पुढे गेलं तरी फोकस जातो. आवाज मात्र एकदम घरातला. साडीच्या आत पिनने माइक लावलेला, श्वासही ऐकू येतो. मागच्या रांगेसाठी जे कमावलं ते सगळं बाजूला ठेवून दोन हातांवरच्या माणसाशी बोलायचं. पण श्वास शेवटच्या शब्दापर्यंत पुरवायची सवय इथेही उपयोगीच पडली, हळू बोलणं म्हणजे शब्द खाणं नाही.

क्लोजअपचं वेगळं सांगायला हवं. कॅमेरा जवळ आला की चेहरा पडदाभर होतो, भुवईचा केस हलला तरी दिसतं. म्हणून लोक सांगतात "कमी कर, कमी कर". मला हा सल्ला अपुरा वाटतो. कमी केलं की नुसतं कमी होतं, मेलेलं. भाऊने कधीच कमी कर म्हटलं नाही. तो म्हणायचा, "दाखवू नका, पण आतली इच्छा तेवढीच पाहिजे, उलट जास्त पाहिजे." म्हणजे पोराला थांबवायची इच्छा नाट्यगृहात होती तेवढीच, फक्त ती शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचं काम आता माझं नाही, लेन्स ती येऊन घेऊन जाते. अन् एक बारीक गोष्ट, समोरच्याच्या दोन्ही डोळ्यात आपण आलटून पालटून बघत असतो, प्रत्यक्षात कळत नाही, पण पडद्यावर आपली बुबुळं लकलकताना दिसतात. म्हणून त्याचा एकच डोळा धरायचा, कॅमेऱ्याच्या बाजूचा.

त्याच्या क्लोजअपच्या वेळी मी फ्रेमच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या शेजारी उकिडवी बसलेली. मी कुठेच दिसणार नाही. तरी मी पूर्ण जीव लावून वाक्यं दिली, दशमी पण थापली, कारण त्याचा चेहरा माझ्यावरच चालतो. त्यानेही माझ्या वेळी तसंच केलं. जो नट समोरच्याच्या क्लोजअपला नुसतं वाक्य वाचून दाखवतो त्याच्याबरोबर काम करणं फार अवघड असतं, हे कुठेही शूट करणाऱ्या पोरांनी लक्षात ठेवावं.

भाऊचं दिग्दर्शन इथे बदललं. नाटकात तो एक गोष्ट पक्की करायचा, कारण रोज तीच उभी राहायला हवी. इथे तो प्रत्येक टेकला काम बदलून द्यायचा. एकदा म्हणाला, या वेळी तुम्हाला त्याचा राग आलाय, बापाला एकटं टाकून चाललाय. एकदा कानात सांगितलं, बोलता बोलता मनात हिशोब करा, त्याला किती पैसे दिले अन् घरात किती राहिले. चेहऱ्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही, कधीच नाही. मला वाटतं चांगल्या दिग्दर्शकाची ही सगळ्यात मोठी खूण आहे. "इथे डोळे मोठे कर" सांगणारा तुम्हाला निकाल सांगतो, काम सांगत नाही.

अन् मग एडिटिंग. मी मुद्दाम जाऊन बसले, कारण मला बघायचं होतं. बुटाच्या जागी भाऊने माझा हिशोबाचा टेक लावला होता. आधी पोराचे फाटलेले बूट, मग माझा चेहरा. मी तर तेव्हा मनात शंभर-पन्नास मोजत होते, पण बुटांच्या शॉटनंतर तोच चेहरा असा दिसतो की ही बाई पोराला पुढे काय काय सोसावं लागेल ते सगळं बघतेय. सोव्हिएत रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने साधारण शंभर वर्षांपूर्वी हाच प्रयोग केला होता, एका नटाचा तोच निर्विकार चेहरा, एकदा सुपाच्या वाडग्यानंतर, एकदा शवपेटीनंतर, एकदा एका बाईनंतर जोडला अन् लोकांना त्यात भूक, शोक, ओढ असं वेगवेगळं दिसलं. वाचलेलं होतं मी, पण स्वतःच्या चेहऱ्याचं तसं होताना बघणं वेगळंच. म्हणजे पडद्यावरचा अभिनय नट एकटा पूर्ण करत नाही. तो कच्चा, पण खरा माल देतो, पूर्ण करतात एडिटिंगला बसलेले लोक अन् मग बघणारा. याने नटाला कमीपणा येतो असं मला वाटत नाही. चेहऱ्यावर खरोखर काही चालू असेल तरच त्याला दुसरं काही जोडता येतं, दाखवलेलं दु:ख फक्त दु:खाच्याच जागी बसतं.

शिरपूरच्या घरातल्या स्मिता पाटील मला या बाबतीत फार मोठ्या वाटतात. नाटकातून नाही, दूरदर्शनवर बातम्या वाचता वाचता सिनेमात आल्या, 1986 साली गेल्या, केवढंसं आयुष्य. त्यांचा चेहरा आवाज बंद करून बघावा. त्या कधी सांगत नाहीत की आता मला असं वाटतंय, पण आत सतत काही चालू असतं, अन् ऐकताना तर त्या बोलतानापेक्षा जास्त दिसतात. मी शूटच्या आधी हाच अभ्यास केला, नुसतं त्यांचं ऐकणं बघायचं.

भाऊशी माझं एका ठिकाणी पटलं नाही, अजूनही पटत नाही. "जाय आता" च्या आधीचा तो माझा थांबा त्याने फिल्ममधे ठेवला नाही. गाठ मारली की लगेच आडव्या बागेचा शॉट, एका शेतकऱ्याच्या परवानगीने वादळानंतर खरोखर घेतलेला, अन् त्यावर माझा आवाज. तो म्हणतो, पडद्यावर तेवढं थांबलं की लोक नटीला बघायला लागतात, आईला नाही. मला शॉट आवडतो, लोकांनाही आवडला, पण ती ढकलणारी आई तिथे मला दिसत नाही, तिथे बाग दिसते. आई नाट्यगृहातच जास्त पूर्ण होती. उलट बुटाची जागा फिल्ममधे कितीतरी वरची झाली, ती नाटकात कधीच तेवढी खोल नव्हती, हशाने ती हलकी व्हायची. असं एकेका जागेचं वेगवेगळं आहे, हे माध्यम मोठं का ते असं काही मी म्हणणार नाही.

सध्या आमचं नवीन नाटक उभं राहतंय, या वेळी अहिराणीत, अन् त्यात मी सासू आहे, तिसऱ्या प्रवेशात ती सुनेला स्वतःची लग्नातली साडी काढून देते. बाकी सगळ्या वाक्यांच्या बाजूला पेन्सिलने लिहून झालंय, तिथली जागा अजून रिकामी आहे, कारण साडी देऊन तिला सुनेकडून नेमकं काय पाहिजे ते अजून सापडलं नाही. आप्पा म्हणतात तिला काही नको, माया आहे. भाऊ म्हणतो, शोधा.